गलीना ऐतिहासिक नगरविभाग

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील इलिनॉय राज्याच्या वायव्य कोपऱ्यात वसलेल्या गलीना या लहान शहराचा जुना व संरक्षित भाग. एकोणिसाव्या शतकातील पुनरुज्जीवनवादी वास्तुशैलींच्या सलग व सुस्थितीतील इमारतींबद्दल तो प्रसिद्ध आहे. जो डेव्हिस परगण्याचे मुख्य ठिकाण असलेले हे शहर शिकागोच्या पश्चिमेस सु. २६० किमी. अंतरावर, मिसिसिपी नदीस मिळणाऱ्या गलीना नदीच्या दोन्ही काठांवर वसले आहे. लोकसंख्या ३,३०८ (२०२०). शहराचा सु. ८५ टक्के भाग ऐतिहासिक विभागात मोडतो. १९६९ साली या विभागाची नोंद ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत झाली.

शहराचे नाव शिशाच्या गॅलेना या प्रमुख धातुकावरून पडले असून स्थानिक उच्चार ‘गलीना’ असा आहे. नावाप्रमाणेच शहराची भरभराट, त्याच्या इमारती आणि त्याचा ऱ्हास या तिन्ही गोष्टी शिशाच्या खाणींशी निगडित आहेत.

भूमी व खाणी : अमेरिकेच्या मध्यभागाचा बराचसा प्रदेश हिमयुगातील हिमस्तरांच्या घर्षणाने सपाट झालेला आहे. मिसिसिपीच्या वरच्या खोऱ्यातील एक पट्टा मात्र हिमाच्छादनातून सुटला. त्यामुळे तेथे उंच कडे, अरुंद दऱ्या व उघडे पडलेले चुनखडकाचे थर आढळतात. गलीना याच पट्ट्यात आहे. येथील शिशाचे धातुक ठिकठिकाणी पृष्ठभागापासून थोड्याच खोलीवर मिळत असल्याने ते साध्या अवजारांनीही काढता येई.

यूरोपीय लोक येण्यापूर्वीपासून सॉक, मेस्क्वाकी (फॉक्स) व हो-चंक (विनेबागो) या मूळ अमेरिकी जमाती येथील धातुक काढीत असत. मेस्क्वाकी समाजात खाणकाम व प्रगलन ही कामे मुख्यत्वे स्त्रिया करीत. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून फ्रेंच व्यापारी या शिशाच्या व्यवहारात शिरले. १८२२ साली अमेरिकेच्या शासनाने येथील खाणी भाडेपट्ट्याने देण्यास आरंभ केला. तेव्हापासून पूर्वेकडील व दक्षिणेकडील राज्यांतून, तसेच कॉर्नवॉल, आयर्लंड व जर्मनी येथून खाणकामगारांचा ओघ सुरू झाला. आरंभीच्या पट्टेदारांनी दक्षिणेतून गुलाम मजूरही आणले होते. १८२६ मध्ये वस्तीची आखणी होऊन तिला गलीना हे नाव मिळाले. १८२७ चा हो-चंक संघर्ष, १८२९ चा प्रेअरी द्यू शीन येथील तह आणि १८३२ चे ब्लॅक हॉक युद्ध यांमुळे मूळ जमातींची या भूमीवरून हकालपट्टी झाली. नगराच्या वैभवाचा विचार करताना त्याची ही बाजूही ध्यानात घ्यावी लागते.

बंदुकीच्या गोळ्या, छपाईचे खिळे, नळ व पांढरा रंग यांसाठी शिशाला मोठी मागणी होती. १८४५ साली गलीनाच्या परिसरातून सु. २.४५ कोटी किग्रॅ. शिसे बाहेर पडले. देशाच्या त्या वर्षीच्या एकूण उत्पादनात या प्रदेशाचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक होता. तयार शिसे वाफेच्या बोटींतून मिसिसिपीमार्गे सेंट लूइस व न्यू ऑर्लीन्सकडे जाई आणि परतीच्या बोटींतून कापड, धान्य, काच, लोखंडी सामान व वसाहतवाले येत. अशा रीतीने खाणींचे गाव हे मिसिसिपीच्या वरच्या खोऱ्याची प्रमुख व्यापारपेठ बनले. १८६० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ८,००० हून अधिक भरली.

नगररचना : नदी व कडा यांमधील जागा अरुंद असल्याने पश्चिम काठावरील रस्ते टेकडीच्या उतारावर पायऱ्यांसारखे एकावर एक आखले गेले. सर्वांत खाली नदीला समांतर, किंचित वळत जाणारा मुख्य रस्ता. त्याच्यावर बेंच स्ट्रीट. त्याहून वर प्रॉस्पेक्ट स्ट्रीट, अशी ही मांडणी आहे. निरनिराळ्या पातळ्या उंच दगडी भिंतींनी सावरल्या असून पायी जाणाऱ्यांसाठी लांबलचक जिने आहेत. खालच्या पातळीवर दुकाने व वखारी, मधल्या पातळीवर चर्च व सार्वजनिक इमारती आणि वर सधन व्यापाऱ्यांची घरे अशी सामाजिक विभागणीही या उतारावर दिसून येते. नदीच्या पूर्व काठावर मोकळी जागा अधिक असल्याने तेथे बागांनी वेढलेली प्रशस्त निवासस्थाने उभी राहिली.

आरंभीची घरे ओंडक्यांची व लाकडी चौकटीची होती. १८२६ च्या सुमाराचे डाउलिंग हाउस हे स्थानिक चुनखडकाचे घर शहरातील सर्वांत जुन्या वास्तूंपैकी एक आहे. त्यात दुकान व निवास एकत्र होते. मुख्य रस्त्यावरील लाकडी दुकाने १८५० च्या दशकातील आगींत नष्ट झाल्यावर त्यांच्या जागी विटांच्या तीन-चार मजली इमारती बांधण्यात आल्या. थोड्या काळात, सारख्याच सामग्रीने व जवळजवळ सारख्याच उंचीने बांधल्या गेल्यामुळे या रस्त्याला एकसंधता लाभली आहे.

पुनरुज्जीवनवादी शैली : पूर्वीच्या एखाद्या युगाची वास्तुरूपे नव्या काळातील गरजांसाठी जाणीवपूर्वक स्वीकारणे, हे पुनरुज्जीवनवादी वास्तुकलेचे मुख्य लक्षण होय. एकोणिसाव्या शतकात यूरोप-अमेरिकेत ही प्रवृत्ती प्रबळ होती. गलीना येथे तिचे तीन प्रमुख प्रकार आढळतात : ग्रीक, गॉथिक व इटालियन.

ग्रीक पुनरुज्जीवन : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्ट्यूअर्ट व रेव्हेट या इंग्रज वास्तुज्ञांनी अथेन्समधील अवशेषांची मोजमापे व आलेख प्रसिद्ध केले (पहिला खंड १७६२). त्यांमुळे ग्रीक वास्तुरूपांचे प्रत्यक्ष ज्ञान प्रथमच सर्वत्र पसरले. फिलाडेल्फिया येथील ‘सेकंड बँक’ या विल्यम स्ट्रिकलंडने पार्थेनॉनच्या धर्तीवर उभारलेल्या इमारतीने (१८१८–२४) अमेरिकेत ही शैली रूढ केली. १८२१ मध्ये सुरू झालेल्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाबद्दल अमेरिकी जनतेला सहानुभूती होती, शिवाय आपले लोकसत्ताक राज्य हे प्राचीन अथेन्सचे वारस आहे अशीही तिची भावना होती. त्यामुळे न्यायालये, बँका, चर्च, इतकेच नव्हे तर शेतकऱ्यांची घरेही ग्रीक मंदिरासारखी दिसू लागली. आशर बेंजामिन व मायनार्ड लाफीव्हर यांच्या नमुना-पुस्तकांत स्तंभांची प्रमाणे, दारांच्या चौकटी व पट्ट्यांच्या आकृती दिलेल्या असत. त्यांच्या आधारे सीमाप्रदेशातील सुतार-गवंडीही वास्तुशिल्पज्ञाच्या साहाय्यावाचून ही शैली हाताळू शकत.

या शैलीच्या घराची दर्शनी बाजू बहुधा त्रिकोणी कपाळाची असते. पुढे डोरिक वा आयोनिक स्तंभांचा द्वारमंडप, छपराखाली रुंद सपाट पट्टा, दारा-खिडक्यांवर कमानीऐवजी आडव्या सरळ शिळा आणि काटेकोर सममिती ही तिची इतर लक्षणे. गलीना येथील वॉशबर्न हाउस (१८४० च्या दशकाचा मध्य) हे तिचे उत्तम उदाहरण होय. काँग्रेस-सदस्य इलायहू वॉशबर्न यांच्या या घराच्या दर्शनी भागी दुमजली उंचीचे स्तंभ आहेत. १८६८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतील विजयाची वार्ता यूलिसीझ ग्रँट यांना याच घरातील ग्रंथालयात मिळाली. जुनी मंडई (१८४५–४६) ही याच शैलीतील सार्वजनिक इमारत. तिच्यात मधोमध घुमटीयुक्त दुमजली भाग व दोन्ही बाजूंस भाजीपाला विकणाऱ्यांसाठी बैठ्या पडशाळा अशी रचना आहे. वरच्या मजल्यावर नगरपरिषदेचे सभागृह व तळघरात कोठड्या होत्या. १९१० पर्यंत ती मंडई म्हणून वापरात होती. मुख्य रस्त्यावरील दुकानांत स्तंभ नसले, तरी सरळ दगडी पट्ट्या व विटांच्या दंतुर कंगण्या यांतून हीच शैली साध्या स्वरूपात व्यक्त झाली आहे.

गॉथिक पुनरुज्जीवन : मध्ययुगीन यूरोपातील टोकदार कमानी, उंच निमुळती रूपे व रंगीत काचा यांचा अवलंब करणारी ही शैली मुख्यत्वे धार्मिक वास्तूंसाठी वापरली गेली. इंग्लंडमध्ये प्यूजिन याने तिला तात्त्विक बैठक दिली, तर न्यूयॉर्कमधील रिचर्ड अपजॉनच्या ट्रिनिटी चर्चने (१८४६) ती अमेरिकेत प्रतिष्ठित केली. पाठोपाठ १८४० च्या दशकाच्या अखेरीस गलीना येथे ग्रेस एपिस्कोपल चर्च उभे राहिले. कड्याचा भाग फोडून तयार केलेल्या जागेवर स्थानिक चुनखडकात बांधलेली ही वास्तू पार्श्वभूमीच्या खडकाशी एकरूप झाल्यासारखी वाटते.

इटालियन शैली : ग्रीक मंदिराची कठोर सममिती गृहस्थी जीवनाला सोयीची नाही, असे १८४० नंतर अनेकांना वाटू लागले. अँड्रू जॅक्सन डाउनिंग यांच्या ग्रंथांनी इटलीतील ग्रामीण हवेल्यांचा आदर्श पुढे ठेवला. पुढे झुकलेल्या छपराखालील कोरीव लाकडी कंस, उंच अरुंद खिडक्या, त्यांवरील गोलसर कमानी, सज्जे व चौकोनी मनोरे ही या शैलीची अंगे होत. बोटींच्या धंद्यातील जे. रसेल जोन्स यांचा बेल्व्हेडिअर प्रासाद (१८५७) हा तिचा संपन्न आविष्कार आहे. याउलट विल्यम डेनिसन यांच्या आराखड्यानुसार १८६० च्या सुमारास पूर्ण झालेले लाल विटांचे ग्रँट-निवास हे संयत स्वरूपाचे उदाहरण होय. यादवी युद्धापूर्वी ग्रँट हे वडिलांच्या मालकीच्या येथील कातडी मालाच्या दुकानात काम करीत. युद्धातील विजयानंतर १८ ऑगस्ट १८६५ रोजी शहरवासीयांनी त्यांना हे घर भेट दिले. गलीनाशी संबंधित एकूण नऊ व्यक्ती यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात सेनापतिपदास पोहोचल्या.

जकातघर व टपालकचेरी (१८५७–५९) ही घडीव दगडाची इमारत इटलीतील प्रबोधनकालीन प्रासादांच्या वळणाची आहे. केंद्र शासनाच्या अर्थखात्याचे वास्तुशिल्पज्ञ ॲमी बी. यंग यांनी तिचा आराखडा केला. बांधकामाची देखरेख सेनेका जमातीचे अभियंते ईली एस. पार्कर यांनी केली. पार्कर पुढे ग्रँट यांच्या सैनिकी कचेरीत दाखल झाले आणि १८६९ मध्ये मूळ अमेरिकी जमातींविषयीच्या शासकीय खात्याचे आयुक्त झाले. मूळ जमातींतील व्यक्तीस हे पद प्रथमच लाभले होते.

ऱ्हास : जकातघर बांधून होईपर्यंत ज्या नदीव्यापारासाठी ते उभारले, त्याला ओहोटी लागली होती. तिची कारणे अनेक होती. पृष्ठभागाजवळचे धातुक संपत आले. १८४९ पासून कॅलिफोर्नियातील सोन्याच्या ओढीने अनेक खाणकामगार पश्चिमेकडे निघून गेले. प्रगलनाच्या भट्ट्यांसाठी व बांधकामासाठी टेकड्यांवरील झाडे तोडण्यात आली. उघड्या पडलेल्या उतारांवरील आणि नांगरलेल्या शेतांतील माती वाहून नदीत साचली. मोठ्या बोटी जिच्यात सहज वळत, ती नदी गाळाने भरून अरुंद व उथळ झाली. ज्या उद्योगाने शहर घडविले त्यानेच त्याचा जलमार्ग बुजविला.

लोहमार्गाने उरलेला व्यापार हिरावून घेतला. ‘गलीना अँड शिकागो युनियन’ ही लोहमार्ग कंपनी १८३६ मध्ये स्थापन झाली. तथापि तिचा मार्ग प्रत्यक्षात फ्रीपोर्टपर्यंतच आला आणि १८५४ मध्ये गलीनाला आगगाडी आली ती इलिनॉय सेंट्रल कंपनीची. हा लोहमार्ग लवकरच मिसिसिपीच्या काठापर्यंत पोहोचल्याने मालाची चढउतार गलीना टाळून होऊ लागली. १८५५ मध्ये मोठ्या आशेने उघडलेल्या डिसोटो हाउस या पाचमजली हॉटेलचे वरचे दोन मजले १८८० साली उतरविण्यात आले, यावरून या ऱ्हासाची कल्पना येते. याच हॉटेलच्या सज्जातून १८५६ मध्ये अब्राहम लिंकन यांनी भाषण केले होते.

यानंतर जवळजवळ शंभर वर्षे शहर स्थिरावलेले राहिले. जस्ताच्या खाणींनी काही काळ आधार दिला. विसाव्या शतकाच्या मध्यास लोकसंख्या ४,००० हून अधिक होती. या मंदीचा एक अनपेक्षित परिणाम झाला. भरभराटीच्या शहरांत जुन्या इमारती पाडून नव्या बांधल्या जातात, परंतु गलीना येथे नव्या बांधकामाला पैसाही नव्हता व गरजही नव्हती. त्यामुळे १८५० च्या दशकातील नगर बव्हंशी तसेच राहिले. मात्र दारिद्र्याने इमारती टिकतात असे सरसकट म्हणता येणार नाही. दुरुस्तीअभावी अनेक इमारती मोडकळीस आल्या व कित्येक पडल्याही. दारिद्र्याने पाडकाम टळले, परंतु उरलेले वाचविण्यासाठी हेतुपूर्वक प्रयत्नांचीच आवश्यकता होती.

संरक्षण : पहिले प्रयत्न व्यक्तिस्मारकांपुरते होते. ग्रँट यांच्या मुलांनी १९०४ मध्ये घर शहराला दिले व १९३१ मध्ये ते राज्याकडे आले. १९५० च्या दशकात त्याचा जीर्णोद्धार झाला. नदीच्या वारंवार येणाऱ्या पुरांपासून मुख्य रस्त्याचे रक्षण करण्यासाठी सैन्याच्या अभियंता विभागाने बांध व लोखंडी पूरद्वारे बांधली (१९५१). पूर येण्याची चिन्हे दिसताच ही द्वारे बंद करून बाजारपेठ नदीपासून तोडली जाते. त्यानंतर शिकागो व अन्य शहरांतील कलावंत आणि पुराणवस्तूंचे व्यापारी यांनी स्वस्तात मिळणारी जुनी घरे घेऊन दुरुस्त करण्यास सुरुवात केली.

१९६६ च्या ऐतिहासिक वारसा संरक्षण अधिनियमाने एकेका इमारतीबरोबर संपूर्ण नगरविभागालाही मान्यता देण्याची सोय केली. राष्ट्रीय नोंदवहीतील नोंदीविषयी बराच गैरसमज आढळतो. अशी नोंद झाल्याने खाजगी मालकाला आपली इमारत पाडण्यास वा बदलण्यास बंदी होत नाही. केंद्र शासनाचा निधी वा परवाना असलेल्या प्रकल्पांत वारसास्थळाचा विचार करणे मात्र बंधनकारक ठरते. प्रत्यक्ष नियंत्रण स्थानिक नियमांनी होते. त्यांनुसार विभागातील इमारतीच्या बाह्यरूपात बदल करण्यापूर्वी नगराच्या समितीची संमती घ्यावी लागते. १९७६ नंतर उत्पन्न देणाऱ्या ऐतिहासिक इमारतींच्या शास्त्रशुद्ध जीर्णोद्धारास करसवलती मिळू लागल्या, त्यामुळे जुनी इमारत दुरुस्त करणे आर्थिक दृष्ट्याही परवडू लागले. डिसोटो हाउस नूतनीकरणानंतर १९८६ मध्ये पुन्हा सुरू झाले. ऐतिहासिक विभागाची सीमा २०१३ मध्ये वाढविण्यात आली.

मूल्यमापन : पुनरुज्जीवनवादी शैली ही मुळातच अनुकरणाची, तेव्हा तिच्या नमुन्यांचे जतन कशासाठी, असा आक्षेप कधीकधी घेतला जातो. त्याला दोन उत्तरे देता येतात. पहिले असे की, हे अनुकरण आंधळे नव्हते. ग्रीक मंदिराचे संगमरवरी रूप येथे वीट, लाकूड व चुनखडक यांत उतरले आणि ते खाणमालकाच्या घराला, मंडईला व किराणा दुकानाला लागू केले गेले. दुसरे असे की, सीमेवरील एका समाजाला आपण कोण आहोत व कोण व्हावे असे वाटत होते, याचा हा दगड-विटांतील लेखच आहे. सुटी इमारत वास्तुकलेचा नमुना ठरते, पण संपूर्ण रस्ता टिकला तरच व्यापार, निवास, धर्म व शासन यांचे परस्परसंबंध उलगडतात.

या शैलींचे प्रवाह भारतातही पोहोचले होते. मुंबईचा टाउन हॉल (१८३३) डोरिक स्तंभांच्या दर्शनी भागामुळे ग्रीक पुनरुज्जीवनाशी नाते सांगतो, तर राजाबाई मनोरा (१८७८) व पूर्वीचे व्हिक्टोरिया टर्मिनस (१८८८) ही गॉथिक पुनरुज्जीवनाची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. यांतील व्हिक्टोरिया टर्मिनस ही परकीय सत्तेच्या आश्रयाखालील कंपनीची भव्य वास्तू, तर गलीनाचा बाजार हा व्यापाऱ्यांनी व गवंड्यांनी नमुना-पुस्तकांवरून उभारलेला. एकाच शैलीला आश्रयदात्यानुसार किती भिन्न अर्थ येतो, हे या तुलनेवरून स्पष्ट होते.

गलीनाचे अर्थकारण आज मुख्यत्वे पर्यटनावर चालते. त्यामुळे इमारतींची देखभाल होते, परंतु नवे प्रश्नही उद्भवतात. जेथे पूर्वी धान्य, लोखंड व कातडी विकली जात, त्या मुख्य रस्त्यावर आता बहुतांशी पर्यटकांसाठीची दुकाने व उपाहारगृहे आहेत. जुन्या घरांचे मूल्य वाढले की सामान्य उत्पन्नाच्या रहिवाशांना तेथे राहणे कठीण होते, आणि कायम वस्ती घटलेला नगरविभाग हळूहळू प्रदर्शनाचे रूप घेतो. जकातघराच्या इमारतीतील टपालकचेरी, टेकडीवरील चर्च व राहती घरे यांसारखे दैनंदिन उपयोग म्हणूनच महत्त्वाचे ठरतात. खाणींनी वसविलेले व मंदीने राखलेले हे नगर पुढे कोणत्या स्वरूपात टिकेल, हे इमारतींच्या भक्कमपणाइतकेच त्यांत कोणाला राहता येते यावर अवलंबून आहे.